सहाव्या मुक्कामाची नोंद

“डोक्यात ढोल वाजतोय,” कुंदा म्हणाली.

“मला ढोल लिहिता येत नाही. आकडा सांग.”

“चाळीस वर्षं संसार केला, तरी माणसाचं दुखणं आकड्यातच हवं तुम्हाला.”

“एकोणचाळीस.”

“म्हणजे ऐकू येतंय तर! मला वाटलं, इतक्या वर आल्यावर कान खालीच राहिले तुमचे.” तिने चहाचा मग दोन्ही हातांत घट्ट धरला आणि आकडा सांगितला. मी तो वहीत लिहिला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. आम्ही तंबूच्या तोंडाशी बसलो होतो. समोर उतारावर दगडच दगड पसरले होते; त्यांच्या पलीकडे बर्फाचा एक मळकट पट्टा होता आणि त्याच्याही वर, अजून एका दिवसाच्या चालीवर, आम्हाला ओलांडायची होती ती खिंड. आमचा हा सहावा मुक्काम. उंची चार हजार तीनशे मीटर. आदल्या दिवशीचा मुक्काम सहाशे मीटर खाली, गवताळ मैदानात होता.

या वहीविषयी आधी सांगायला हवे. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी मिरजेजवळच्या एका कारखान्यात लागलो आणि तिथे चौतीस वर्षे एकाच विभागात काढली. दाब, तापमान, वजन मोजणारी यंत्रे आमच्याकडे तपासायला येत. आमच्या विभागाची एक रीत होती: एकाने रीडिंग घ्यायचे, लिहायचे आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. दुसरी सही नसलेला कागद रद्दीत जाई. निवृत्तीनंतर आम्ही दोघे हिमालयात लांबच्या पायवाटा चालायला लागलो तेव्हा मी तीच रीत बरोबर नेली. विरळ हवा किती बाधते ते कळायला रोज मुक्कामावर पोचल्यावर चार प्रश्न विचारायचे. डोके किती दुखते, पोटात किती ढवळते, थकवा किती, चक्कर किती. प्रत्येकाला शून्य ते तीन. बेरीज सहा झाली किंवा सहाच्या वर गेली की त्याच दिवशी, उजेड असेतो, खाली उतरायचे. त्यावर चर्चा करायची नाही. हा नियम आम्ही मिरजेत जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवला होता. दुसरी सही कुंदाची. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझी चूक सापडली की तिचा दिवस चांगला जाई.

“पोट?”

“सकाळचा पराठा अजून विचार करतोय, राहावं की जावं.”

“कुंदा.”

“सांगते हो.” तिने सांगितले. पुढचे दोनही सांगितले. बोलताना ती मधेच थांबत होती आणि मग भराभर बोलत होती, पण चढ चढून आल्यावर कोण थांबत नाही?

“पाच,” मी बेरीज लिहून मोठ्याने म्हणालो. “उद्या जायला हरकत नाही. कर सही.”

तिने पेन्सिल घेतली. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर कोरल्यासारखे लिहून तिने वही परत दिली. मी पाहिले आणि मला हसू आवरेना. तिने सही केली होती, ‘कुंदा पाटणकर’.

“अगं, माहेरचं नाव घातलंस! पळून जायचा बेत आहे की काय?”

“पाटणकरच ना मी?” ती म्हणाली. मी हसतो आहे असे दिसल्यावर तीही हसली. “राहू दे. खोडू नका. छान दिसतंय.”

मी खोडले नाही. खाली माझी नोंद केली. माझी बेरीज दोन आली. मला फार प्रसन्न वाटत होते. मिरजेहून निघाल्यापासून इतके प्रसन्न मला वाटले नव्हते.

आमच्याबरोबर बलबीर नावाचा वाटाड्या होता आणि एक पन्नाशीचा स्वयंपाकी होता. बलबीर खालच्याच खोऱ्यातला, पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो स्वयंपाकाच्या तंबूतून आला आणि मला हाताने जरा बाजूला बोलावून म्हणाला, “साब, माताजी को नीचे ले चलते हैं. अभी.”

“क्यों? क्या हुआ?”

“चाल ठीक नहीं है. तंबू के पीछे गईं तो दो बार रस्सी में अटकीं. रस्सी सामने दिख रही थी.”

“थक गई है.”

“थका आदमी धीरे चलता है, साब. ऐसे नहीं चलता.”

तो तेवढ्यावर थांबला नाही. सामान बांधायची एक दोरी त्याने जमिनीवर सरळ पसरली आणि कुंदाला म्हणाला, “माताजी, ज़रा इस पर चलकर दिखाइए. एक पैर के आगे दूसरा.”

“मला सर्कशीत घेताय का?” कुंदा माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली. पण उठली. तीन पावले बरी पडली. चौथे दोरीबाहेर गेले, पाचवे त्याहून लांब, आणि मी दंड धरला म्हणून ती पडली नाही.

“सासरी आले तेव्हापासून सरळच चालतेय,” ती म्हणाली. “आज एक दिवस वाकडं पाऊल पडलं, तर लगेच पंचनामा!”

मी हसलो. तीही हसली. बलबीर हसला नाही.

“पत्थर हैं यहां,” मी त्याला म्हणालो. “बूट भी भारी हैं.”

“साब, दो घंटे का उतार है. अभी उजाला है. सुबह माताजी ठीक रहीं तो वापस चढ़ आएंगे. एक दिन जाएगा, और क्या जाएगा?”

मी वही उघडून त्याच्यासमोर धरली. “ये देखो. पांच. हमारा नियम छह का है. छह होता तो मैं खुद बोलता.”

त्याने वहीकडे पाहिले नाही. “मैं कापी नहीं देख रहा साब, माताजी को देख रहा हूं.”

“देखने से कुछ नहीं होता, बलबीर. नापना पड़ता है.”

हे माझे वाक्य. अकरा वर्षे झाली, त्यातला एक शब्दही मी विसरलेलो नाही.

मग मी त्याला विचारले, उद्या किती वाजता निघायचे. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. “छह बजे, साब. ये आपने अभी पूछा था.”

“हां, हां,” मी म्हणालो. पूर्वी विचारल्याचे मला आठवत नव्हते.

कुंदा एका दगडावर बसून आमच्याकडे बघत होती. “माझ्याबद्दल चाललंय ना? मग मलाही विचारा की कुणीतरी.”

“बलबीर म्हणतोय खाली जाऊ.”

“आणि तुम्ही?”

“तूच ठरव.”

“वही काय म्हणते?”

“वही म्हणते, राहायला हरकत नाही.”

तिने कपाळ दोन बोटांनी दाबले. डोळे मिटले, उघडले. “मग राहू,” ती म्हणाली. “वही तुमची आहे म्हणजे बरोबरच असणार.”

बलबीरने दोरी गुंडाळली. “आप बड़े हैं, साब,” तो म्हणाला आणि स्वयंपाकाच्या तंबूकडे गेला.

जेवण तिने नको म्हटले. अंधार पडायच्या आत ती स्लीपिंग बॅगमध्ये शिरली. रात्रभर तिचा श्वास जोराने चालला होता. मला वाटले, गाढ झोप लागली आहे. मीही झोपलो.

पहाटे मी तिला हाक मारली. एरवी हाकेआधी उठणारी बाई. दंडोबाच्या डोंगरावर आम्ही दर रविवारी जायचो तेव्हा ती माझ्या पुढे दोन वळणे असायची आणि माथ्यावर बसून “आलात का आजोबा?” म्हणून खिजवायची. त्या पहाटे मी खांदा हलवला, गालावर थापट्या मारल्या, पाणी शिंपडले. तिने डोळे अर्धे उघडले. त्यांत ओळख नव्हती.

“कुंदा, माझं नाव सांग. काहीही सांग.”

तिचे ओठ हलले. शब्द झाला नाही.

बलबीर एका शब्दानेही ‘मी सांगितले होते’ म्हणाला नाही. त्याने तिला शालीत गुंडाळून पाठीवर बांधले. स्वयंपाकी एका बाजूने धरत होता. मी मागून तिचे पाय सांभाळत चाललो होतो. उतारावर ते दगडांना लागत होते. दर दहा मिनिटांनी बलबीर दम घ्यायला थांबे, आणि त्या वेळात मी तिची नाडी मोजून वहीत लिही. मला दुसरे काही करता येत नव्हते. एकशे अठ्ठावीस. एकशे चौतीस. एकशे वीस. शहाण्णव. आकडा खाली आला तसे मला वाटले, उतार पडतो आहे, उंची कमी होते आहे, ती सुधारते आहे. मी बलबीरला तसे सांगितलेदेखील.

गवताळ मैदान मागे पडले. भूर्जाची पहिली झाडे लागली. तिथे एका सपाट जागी त्याने तिला खाली ठेवले. मी मनगट धरले आणि घड्याळात बघत मोजू लागलो. मिनिट गेले. मला वाटले, माझे बोट नीट जागेवर नाही. मी बोट हलवले आणि पुन्हा घड्याळात पाहिले. तिसऱ्यांदा मोजून मी वही उघडली तेव्हा बलबीरने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

“अब मत लिखो, साब,” तो म्हणाला.

खालच्या गावातल्या चौकीत माझा जबाब झाला. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने मला आधी पाणी दिले. मी सगळे क्रमाने सांगितले. बलबीरने उतरायला सांगितले होते, हे सांगितले. त्याच्यावर काही येऊ नये म्हणून दोनदा सांगितले. मग तो म्हणाला, “फिर आप उतरे क्यों नहीं?” मी सांगितले, बेरीज पाच होती. बायकोने त्रास कमी सांगितला असावा.

त्याने ते लिहून घेतले. ‘त्रास कमी सांगितला.’ बलबीर दाराशी उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि तो बाहेर गेला.

आमची एकुलती मुलगी मृदुला देहरादूनला आली होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच. “आईनं तुम्हाला सांगितलं नाही?”

“पाच सांगितले.”

“म्हणजे लपवलं.”

मी हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. महिनाभरात मीच ते म्हणू लागलो. भेटायला येणाऱ्यांना काहीतरी सांगावे लागते. “तिने अंगावर काढले,” मी म्हणत असे. नातेवाईक माना हलवत. बायकांची जातच अशी, म्हणत. मला खोटे बोलतो आहे असे कधीच वाटले नाही. बेरीज मला पक्की आठवत होती. बेरजेच्या वरचे आकडे आठवत नव्हते. वही मी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि पुन्हा उघडली नाही.

मृदुलाला आईचा राग आला तो गेलाच नाही. “एक शब्द बोलली असती, तर आज असती,” ती म्हणे. तिची मुलगी सई लहानपणी ताप लपवायची, शाळा बुडू नये म्हणून. मृदुला थर्मामीटर झटकत तिला दटावायची, “आजीसारखं करायचं नाही हं! दुखतंय तर दुखतंय म्हणून सांगायचं.” नाशिकला त्यांच्या घरी, तिच्या समोरच्या खुर्चीत बसून मी हे कितीतरी वेळा ऐकले. ऐकून मान डोलावली.

यंदा दिवाळीनंतर शेजारच्या इमारतीतला होनमाने नावाचा एक तरुण माझ्याकडे आला. तो आणि त्याची बायको त्याच वाटेने जाणार होते. “काका, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे म्हणतात. मुक्कामांच्या उंच्या, वेळा. मिळेल का?” नाही म्हणावेसे वाटले. पण हे दोघे कच्च्या माहितीवर जातील, असेही वाटले. मी त्याला म्हणालो, नक्कल काढून देतो.

सकाळी टेबलाशी बसून मी एकेक पान नवीन कागदावर उतरवू लागलो. नक्कल करताना बेरीज पुन्हा करायची, ही हाताची सवय. पहिला मुक्काम बरोबर. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा बरोबर. सहाव्या मुक्कामाच्या पानावर माझ्या अक्षरात असे लिहिले होते: डोके तीन, पोट दोन, थकवा दोन, चक्कर एक. बेरीज पाच.

मी वरून खाली मिळवले. खालून वर मिळवले. शेवटी लहान मुलासारखे बोटांवर मोजले. आठ.

खाली माझी ओळ होती. एक, एक, दोन, एक. बेरीज दोन.

कारखान्यात हाताखालच्या मुलांना मी शिकवत असे, ज्याने मोजायचे ते यंत्र आधी तपासा. त्या दुपारी मोजणारा मी होतो. मीही त्याच हवेत बसलो होतो, आणि दोन अधिक दोन करण्याइतके माझे डोके जागेवर नव्हते. मला तपासायचे काम जिचे होते तिला स्वतःचे नाव आठवत नव्हते.

तिने काहीही लपवले नव्हते. ढोल वाजतोय, म्हणाली होती. तीन म्हणाली होती. दुखते ते सगळे, विचारले त्या क्रमाने, माझ्या हवाली केले होते.

होनमान्यांना मी नक्कल दिली. वर लाल शाईने लिहिले, वाटाड्या सांगेल तेव्हा उतरा. मग आठवड्याचे कपडे पिशवीत भरले आणि नाशिकची गाडी धरली.

मृदुला स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. “कळवलं नाहीत, बाबा! मी स्टँडवर आले असते. चहा टाकू?”

“आधी ही बेरीज कर.”

“हे काय आता? सईचा अभ्यास घ्यायला आलात की माझा?” तिने हात पुसून वही घेतली. पानाच्या वर तारीख होती. ती तिने वाचली आणि तिचा चेहरा उतरला. मग तिने ओठ हलवत आकडे मिळवले.

“आठ.”

“खाली काय लिहिलंय?”

“पाच. हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“आणि हे वरचे आकडे?”

“तिने सांगितलेले.”

“सगळे तिने सांगितलेले?”

“सगळे.”

तिने पुन्हा मिळवले. मग तिचे बोट सहीवर गेले. “पाटणकर?”

मी तिला ते सांगितले. दोरीवर चालण्याचेही सांगितले. अकरा वर्षांत ते दोन्ही मी कोणालाच सांगितले नव्हते. गमतीचे होते म्हणून सांगितले नव्हते, असे मला इतके दिवस वाटत होते.

“आणि तुम्ही हसलात.”

“दोघेही हसलो.”

आत सई कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आता ती सतरा वर्षांची आहे. मृदुलाने त्या दिशेला पाहिले. “मी तिला सांगत आले, आजीसारखं करू नकोस. इतकीशी होती तेव्हापासून. तुम्ही समोर बसलेले असायचात.”

“हो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“नव्हतं. वही मी उघडलीच नव्हती.”

“वहीचं नाही म्हणत मी.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता, तर बरे झाले असते. “आई माहीत होती ना तुम्हाला? एकोणचाळीस वर्षं? बोटाला सुई टोचली तरी गल्लीला कळायचं, इतकी ओरडायची ती. ती लपवेल? मी तेव्हा शोकात होते, बाबा, तुम्ही म्हणालात ते धरून बसले. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की कुंदा असं करणार नाही?”

 

तिने वही मिटली. माझ्या हातात न देता ती टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवली. मेथीच्या काड्या गोळा केल्या, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. माझी पिशवी दाराशीच होती. तिने ती पाहिली. दर वेळी ती स्वतः उचलून सईच्या खोलीत नेऊन ठेवायची.

“पानं घेते,” ती पाठमोरी म्हणाली. “जेवून घ्या. दुपारची एसटी मिळेल तुम्हाला.”